रवांडाच्या टेकड्यांवरची कॉफी आणि सत्तरीतले कुळागर

गोव्यातील सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांतील जुन्या कुळागरांत, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांत, पोफळींच्या ओळींमध्ये कधी कधी कॉफीची दोन-चार झुडपे दिसतात. पूर्वी कोणी तरी हौसेने लावलेली असतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ती पांढऱ्या फुलांनी भरून जातात, पुढे फळे लाल होतात आणि बहुधा पाखरांच्या तोंडी पडतात. माझ्या सासरच्या कुळागरातही अशी झुडपे होती. त्यांची संख्या वाढवून घरापुरती आणि थोडी विकण्यापुरती चांगली कॉफी काढता येईल का, याचा विचार करू लागले तेव्हा साहजिकच आधी कर्नाटकाकडे पाहिले. जात, खत आणि रोग यांविषयीची माहिती तिथूनच घ्यावी, कारण हवामान आपल्या जवळचे आहे. पण काम कसे करावे हे मला पटले ते पूर्व आफ्रिकेतील रवांडा या लहानशा डोंगराळ देशाच्या पद्धतीतून. कोडगू-चिकमगळूरचा छोटा म्हणवणारा बागायतदारही रवांडाच्या मानाने मोठा ठरतो. रवांडात सुमारे चार लाख कुटुंबे कॉफी लावतात आणि बहुतेकांकडे केवळ काहीशे झाडे असतात, तीही घराच्या अंगणाला लागून, केळी आणि घेवड्याच्या शेजारी. आपल्या कुळागराचा आकार आणि घरच्या माणसांचे हात लक्षात घेतले, तर हे उदाहरण आपल्याला अधिक लागू पडते.

रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात. राजधानी किगाली समुद्रसपाटीपासून सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेकडील कीवू सरोवराचे पाणीच 1,460 मीटर उंचीवर आहे. कॉफीचे मळे साधारणपणे 1,400 ते 2,000 मीटरच्या पट्ट्यात आहेत. विषुववृत्त जवळ असूनही या उंचीमुळे हवा वर्षभर सौम्य राहते, फळ सावकाश पिकते आणि दाणा घट्ट भरतो. तेथे 1904 च्या सुमारास जर्मन मिशनऱ्यांनी नैर्ऋत्येकडील मिबिरिझी येथे कॉफी आणली. पुढे बेल्जियमच्या राजवटीत 1930 च्या दशकात शेतकऱ्यांवर कॉफीची लागवड सक्तीने लादण्यात आली. झाड बहुतांशी अरेबिका या कॉफीच्या मुख्य प्रकारातील बुर्बों या जुन्या जातीचे असून तिचा दाणा लहान आणि चव गोड असते.

असे डोंगर आणि अशी जात असूनही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रवांडाची कॉफी जगात हलक्या प्रतीची समजली जात होती. शेतकरी घरीच साल काढत, हाताशी असेल त्या पाण्यात दाणे धूत आणि जमिनीवर वाळवत. 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत कोसळून भाव पडले, 1994 मध्ये तुत्सींचा वंशसंहार झाला आणि कितीतरी मळे ओस पडले. त्यानंतर दक्षिणेकडील हुये जिल्ह्यात मराबा येथे 2001 च्या सुमारास सहकारी संस्थेने धुलाई केंद्र उभारले. शेतकऱ्यांनी पिकलेले फळ तोडून त्याच दिवशी केंद्रावर आणायचे आणि पुढचे सगळे काम एकाच ठिकाणी, एकाच शिस्तीने करायचे, अशी ही व्यवस्था होती. त्याच टेकडीवरच्या, त्याच जुन्या झाडांच्या कॉफीला काही वर्षांतच निवडक खरेदीदार मिळू लागले. 2008 मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही कॉफीच्या दर्जाची स्पर्धा आफ्रिकेत प्रथमच झाली ती रवांडात, आणि आज तेथे तीनशेहून अधिक धुलाई केंद्रे आहेत. मला यातून जे उमगले ते असे, की झाड आणि डोंगर जसेच्या तसे राहिले. बदलले ते फळ तोडल्यापासून दाणा वाळेपर्यंतचे काम. गोव्याला 1,800 मीटरची उंची मिळणे शक्य नाही. सोसोगड हे आपले सर्वांत उंच शिखरही 1,200 मीटरच्या आतच आहे. ते काम मात्र आपल्याला जसेच्या तसे करता येते.

कोणते झाड लावावे

बुर्बोंचा मोह सोडावा. आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत या जातीवर तांबेरा लगेच येतो आणि भारतातील अरेबिकाचा मोठा शत्रू असलेला पांढरा खोडकिडा तिला टिकू देत नाही. गोव्यातील बहुतेक कुळागरे दोन-अडीचशे मीटरच्याही खाली आहेत. तेथे रोबस्टा हा कॉफीचा दुसरा मुख्य प्रकारच लावावा. तोही खरे तर 500 ते 1,000 मीटरवर अधिक खुलतो, परंतु सावली आणि पाणी नीट मिळाले तर खालीही तग धरतो. कॉफी मंडळाच्या बाळेहोन्नूर येथील केंद्रीय संशोधन संस्थेने दिलेल्या वाणांपैकी ‘सी बाय आर’ हा वाण मला कुळागरासाठी अधिक सोयीचा वाटतो, कारण त्याचे झुडूप साध्या रोबस्टापेक्षा आटोपशीर राहते आणि दाण्याची चवही सौम्य असते. ज्यांची जमीन चोर्ला घाटाच्या अंगाला उंचावर आहे, त्यांनी चंद्रगिरी या अरेबिका वाणाची पाच-दहा झाडे प्रयोग म्हणून लावून पाहण्यास हरकत नाही. संपूर्ण भर मात्र त्यावर ठेवू नये.

एक गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. अरेबिकाचे झाड स्वतःच्याच परागांवर फळ धरते. रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. एकाच चांगल्या झाडाच्या फांद्या कलम करून सगळी बाग भरली तर फुले येतील, फळे फारशी धरणार नाहीत. वेगवेगळ्या झाडांची रोपे मिसळून लावावीत आणि जवळपास सातेरी मधमाश्यांची एखादी पेटी असेल तर उत्तमच.

रोपापासून आच्छादनापर्यंत

बी स्वतः धरायचे असेल तर पूर्ण पिकलेले फळ तोडून, साल काढून, दाणा सावलीत वाळवावा आणि लवकर पेरावा. कॉफीचे बी, विशेषतः रोबस्टाचे, भातासारखे वर्षभर टिकत नाही. दाण्याची सपाट बाजू खाली ठेवून वाफ्यात पेरल्यावर साधारण दीड महिन्यात अंकुर टोपी घातल्यासारखा वर येतो. कर्नाटकातील रोपवाटिकांत या अवस्थेला टोपी हाच शब्द वापरतात. याच वेळी रोप अलगद उचलून पिशवीत लावावे. तेव्हा सोटमूळ वाकले तर झाड पुढे कायमचे अशक्त राहते, म्हणून हे काम घाईत करू नये.

रवांडात मोठ्या उन्हाळ्यानंतर पाऊस सुरू झाला की लागवड होते. आपल्याकडे जूनचा पहिला जोर ओसरल्यावर लावावे. खड्डा दीड फूट लांब, रुंद आणि खोल असा उन्हाळ्यातच खणून, तापवून, वरची माती व कुजलेले शेणखत घालून भरून ठेवावा. खोऱ्याच्या तळाशी, जेथे पावसाळ्यात पाणी साचून राहते, तेथे कॉफी लावूच नये. पोफळ चार दिवस ओल सहन करते, कॉफीची मुळे मात्र गुदमरतात. रवांडाचा पाऊस वर्षाला साधारण 1,200 ते 1,500 मिलिमीटर, तोही दोन हंगामांत विभागून पडतो. सत्तरीत चार महिन्यांत त्याच्या दुपटीहून अधिक कोसळतो. म्हणून उतारावर, कुळागराच्या वरच्या मेरेला, समपातळीत चर काढून झाडे लावणे हिताचे. दोन झाडांत आठ ते दहा फूट अंतर ठेवावे. पोफळींमध्येच लावायचे असेल तर चार पोफळींच्या मध्यावर एक आणि तेही एक ओळ सोडून लावावे.

आता आच्छादन. रवांडाच्या मळ्यात पाहुण्याच्या नजरेत प्रथम भरते ती झाडाखालची जमीन. वाळलेले गवत, केळीची पाने, ज्वारीची धाटे यांचा वीतभर जाड थर तेथे पसरलेला असतो आणि माती क्वचितच उघडी दिसते. तीव्र उतारावरची माती पावसाबरोबर वाहून जाऊ नये, कोरड्या महिन्यांत ओल टिकावी आणि तण उगवू नये, यासाठी हे काम तेथे कॉफीच्या लागवडीचाच भाग मानतात. त्यासाठी गवत डोक्यावरून वाहून आणावे लागते, आणि जनावरांच्या चाऱ्यासाठीही तेच गवत हवे असते. आपल्याकडे ही अडचण नाही. पोफळीची झावळे, नारळाची सोडणे, काजूचा आणि जंगली झाडांचा पातेरा आपण कितीतरी वेळा गोळा करून जाळून टाकतो. हा पातेरा जाळणे मी स्वतः थांबवल्यापासून कॉफीच्या बुंध्याखालची माती मार्चमध्येही हाताला गार लागते. पाऊस संपताच, ऑक्टोबरात, ओल असतानाच थर द्यावा. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी सोडावी, कारण आपल्याकडे वाळवी आहे आणि खोडाला टेकलेला ओला पाला कुजही आणतो. पावसाळ्यापूर्वी थर विरळ झाला असेल तर उतारावर तो पुन्हा भरावा.

सावलीसाठी रवांडात सिल्व्हर ओक पुष्कळ ठिकाणी लावतात. आपल्याला वेगळे झाड शोधण्याची गरज नाही. माड, फणस, जायफळ आहेतच. सावली पातळ आणि हलती असावी. दाट सावलीत झाड उंच वाढते, फुलत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र आपल्या कुळागराची सवय कॉफीला मारक ठरते. पोफळीला पाटाचे पाणी ठरावीक दिवसांनी सतत मिळत असते. कॉफीच्या कळ्यांना आधी कोरड लागते आणि ती कोरड एकदम मोडावी लागते, तेव्हाच सगळ्या फांद्या एकत्र फुलतात. म्हणूनही झाडे पाटाच्या वरच्या अंगाला असावीत. डिसेंबर-जानेवारीत त्यांना पाणी देऊ नये आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, कळ्या भाताच्या दाण्याएवढ्या होऊन थांबल्या की, तुषार पद्धतीने एकदाच भरपूर पाणी द्यावे. इंच-दीड इंच पावसाएवढे पाणी, म्हणजे दहा फुटांवर लावलेल्या एका झाडाच्या वाट्याला सुमारे तीनशे लिटर लागते. आठवडा-दहा दिवसांत फुले येतात. अर्धवट पाणी दिल्यास कळ्या धड उमलत नाहीत आणि वर्ष वाया जाते. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा एक पाणी दिले की फळ टिकते. कर्नाटकात हे काम वळवाच्या सरी करतात. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तशा सरींचा भरवसा धरता येत नाही.

छाटणी आणि बटाट्याचा वास

रवांडाच्या आणि शेजारच्या बुरुंडीच्या कॉफीला एक विचित्र दोष ग्रासतो. हजारो चांगल्या दाण्यांत एखादाच दाणा असा निघतो, की तो दळला की सगळ्या कपाला सोललेल्या कच्च्या बटाट्याचा वास येतो. प्रकृतीला त्याचा अपाय नाही, पण तो कप पिववत नाही. अँटेस्टिया नावाचा ढेकूण फळाला सोंड खुपसतो, त्या छिद्रातून जिवाणू आत शिरतात आणि या वासाचे द्रव्य तयार होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दाणा डोळ्यांनी पाहून तो खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे तेथील शेतकरी ढेकणालाच आवरतात. त्याला दाट, अंधारी झुडपे आवडतात, म्हणून फांद्या विरळ करून आत उजेड येऊ देतात, ढेकूण हाताने वेचतात आणि रवांडाच्याच उत्तर भागात पिकणाऱ्या पायरेथ्रम फुलांपासून केलेले कीटकनाशक फवारतात.

आपल्याकडे हा वास ही मोठी अडचण नाही. आपल्याकडे फळ पोखरणारा बारीक भुंगेरा आहे, रोबस्टाच्या कोवळ्या फांद्यांना छिद्रे पाडणारा किडा आहे आणि पावसाळ्यात काळी कुज आहे. ही कुज आणणाऱ्या बुरशीच्या शास्त्रीय नावातच कोळेरोग हा आपला शब्द आहे. सुपारीचा कोळेरोग वेगळ्या बुरशीमुळे होतो, तरी दोन्हींवर बोर्डो मिश्रणाचीच फवारणी चालते, आणि पोफळींसाठी ते तयार करणाऱ्या घराला त्यात नवे काही शिकावे लागत नाही. पहिला उपाय मात्र रवांडासारखाच आहे: झुडपाच्या पोटात वारा खेळला पाहिजे. तोडणी झाली की वाळलेल्या, आत वळलेल्या आणि बुंध्यातून उभ्या फुटलेल्या पाणफांद्या काढाव्यात, शेंडा पाच-साडेपाच फुटांवर खुडावा आणि छिद्र पडलेल्या फांद्या कापून जाळाव्यात. रवांडात झाड म्हातारे झाले की ते गुडघ्याच्या खाली कापून नव्या फुटीवर पुन्हा उभे करतात. ओस पडलेल्या कुळागरातील जुन्या झुडपांवर मी हाच प्रयोग केला आहे. तिसऱ्या वर्षी त्यांना पुन्हा फळ आले.

खतासाठी शेणखत आणि गांडूळखत पुरेसे होते. माती तपासून घेतल्यास चुना लागतो का हेही कळते, कारण आपली जांभ्याची माती आम्ल असते.

तोडणी

येथपासून पुढे सगळे लक्ष द्यावे. रवांडात मार्चपासून जुलैपर्यंत तोडणी चालते आणि एकाच झाडाकडे पुन्हा पुन्हा जावे लागते, कारण फळे एकदम पिकत नाहीत. फक्त गडद लाल फळ घ्यायचे, पोपटी आणि पिवळसर तसेच सोडायचे, हा नियम तेथे कसोशीने पाळतात. आपल्याकडे रोबस्टा डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान पिकतो. एका खेपेत फांदी ओरबाडून मोकळी करण्याचा मोह होतो, विशेषतः सुपारीची पाडणी त्याच दिवसांत चालू असताना. तसे केले की कच्च्या फळांचा तुरटपणा सगळ्या कॉफीत उतरतो. तीन-चार खेपा कराव्यात. जमिनीवर पडलेली फळे वेगळी ठेवावीत. ती चांगल्या मालात कधीही मिसळू नयेत.

सकाळी तोडलेले फळ त्याच दिवशी पाण्यात पडले पाहिजे. गोणीत बांधून रात्रभर ठेवले तर आतल्या आत तापते आणि आंबते. बादलीत किंवा टाकीत फळे ओतून ढवळली की पोकळ व किडकी फळे वर तरंगतात. ती काढून टाकावीत. ही साधी कृती रवांडाच्या प्रत्येक धुलाई केंद्रात पहिली असते आणि पोखरलेली बरीच फळे तिनेच बाजूला पडतात.

यानंतर हाताने फिरवायच्या पल्परवर साल काढावी. दाण्यावर बुळबुळीत थर राहतो तो आंबवून सोडवायचा असतो. रवांडाच्या थंड हवेत अरेबिकाला यासाठी साधारण 12 ते 18 तास लागतात. रोबस्टाचा थर जाड असल्याने आपल्याकडे हवा गरम असूनही त्याला 24 तास किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. घड्याळापेक्षा हातावर विश्वास ठेवावा. मूठभर दाणे धुऊन चोळले असता निसटले तर थांबावे, वाळूतल्या खड्यांसारखे करकरले तर लगेच धुवावे. त्यापुढे ठेवल्यास आंबूस वास बसतो आणि तो भाजल्यावरही जात नाही. धुताना पाणी स्वच्छ असावे आणि दोन-तीनदा बदलावे. हे गढूळ पाणी झरीत, ओहोळात किंवा म्हादई नदीच्या दिशेने सोडू नये. ते आंबट असते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. शोषखड्डा करून त्यात जिरवावे आणि साली शेणखतात कुजवाव्यात.

एवढे करणे जमत नसेल तर फळ सालीसकट वाळवावे. पाणी लागत नाही, यंत्र लागत नाही, आणि आपल्या कोरड्या हिवाळ्यात ती पद्धत चांगली साधते. फळ मात्र एकूण एक लाल हवे.

वाळवण

माझी पहिल्या वर्षीची सगळी कॉफी मी येथेच घालवली. सुपारी वाळते तशी खळ्यात प्लॅस्टिक अंथरून पसरली, रात्री दवात तशीच राहिली, आणि दहाव्या दिवशी तिला बुरशीचा जुनाट वास आला. रवांडात दाणे जमिनीला लागतच नाहीत. लाकडी खांबांवर कमरेएवढ्या उंचीवर जाळी ताणून लांबलचक खाटा केलेल्या असतात आणि दाण्यांना वरून-खालून वारा लागतो. धुतलेले ओले दाणे आधी सावलीतल्या खाटांवर जातात. तेथे बायका दोन्ही बाजूंना उभ्या राहून फुटके, हिरवट, किडलेले, डाग असलेले दाणे वेचून काढतात. हे काम ओल्यातच करायचे असते. दाण्यावरचे पातळ टरफल ओले असताना आतला दोष आरपार दिसतो, वाळल्यावर तेच टरफल अपारदर्शक होऊन दोष झाकते. आपल्याकडे सुपारीची प्रतवारी करणाऱ्या बायकांची नजर यासाठी तयारच असते. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने दाणे वेचले.

पुढे उन्हातल्या खाटांवर दाणे पातळ पसरावेत, तासातासाने हाताने परतावेत, भर दुपारच्या कडक उन्हात शेडनेट किंवा जुने सुती लुगडे वरून घालावे आणि संध्याकाळी दव पडण्यापूर्वी झाकावेत. रवांडाची तोडणी मोठ्या पावसाळ्यात सापडते, त्यामुळे तेथे ढग दिसला की सगळे केंद्र खाटा झाकायला धावते आणि वाळायला दोन-तीन आठवडे लागतात. आपली तोडणी कोरड्या महिन्यांत येते, या एका बाबतीत गोव्याची स्थिती रवांडाहून सरस आहे. मात्र ऊन भरपूर आहे म्हणून चार दिवसांत उरकण्याची घाई करू नये. टरफल तडकते आणि दाणा आतून ओला राहतो. ओलावा 11 ते 12 टक्क्यांवर आला की थांबावे. मापक नसेल तर दाणा दाताखाली धरावा: दबला तर ओला, कट्कन तुटला तर तयार.

वाळलेला माल टरफलासकटच, स्वच्छ गोणपाटात, लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावा. स्वयंपाकघरात, मिरी किंवा सुक्या मासळीजवळ ठेवू नये, कारण कॉफी वास ओढून घेते. महिनाभर विसावू द्यावी आणि लागेल तेवढेच टरफल काढून भाजावे. रवांडात सहा-सात किलो फळापासून किलोभर कच्चा दाणा मिळतो. रोबस्टाचा उतारा त्याहून थोडा बरा असतो. पावसाळ्याच्या आत, मेअखेरपर्यंत, माल विकून किंवा भाजून संपवावा आणि घरापुरता ठेवलेला हवाबंद डब्यात भरावा. जूनची दमट हवा गोणपाटात शिरली की दाणा पांढरट पडून फुगतो आणि त्याची चव निघून जाते.